इंग्लंडमधील खालच्या स्तरांवरील फुटबॉल मैदानांची भटकंती : आखणी आणि पथ्ये

इंग्लंडमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहणाऱ्या अनेकांना प्रीमियर लीगचा एखादा सामना मैदानात बसून पाहावा असे वाटते. मोठ्या क्लबांच्या तिकिटासाठी आधी सभासदत्व घ्यावे लागते हे कळल्यावर ती इच्छा बरेचदा तशीच राहून जाते. मात्र त्याच शनिवारी दुपारी तीन वाजता देशभर शेकडो लहान मैदानांवर सामने सुरू होत असतात. त्यांतील बहुतेकांना आगाऊ तिकीट लागत नाही, आणि तेथे खेळाडू इतके जवळ असतात की गोलरक्षक आपल्या बचावपटूंवर काय ओरडतो आहे ते स्पष्ट ऐकू येते. अशी नवनवी मैदाने गाठून सामने पाहण्याच्या छंदाला ग्राउंडहॉपिंग म्हणतात.

या छंदात नवखा माणूस एक चूक हमखास करतो. तो एक सामना निवडतो आणि सगळा दिवस त्याच्याभोवती बांधतो. खालच्या स्तरांवरचा सामना मुळातच बेभरवशाचा असतो. पाऊस, दव गोठणे, कपमधला अनपेक्षित विजय, यांपैकी काहीही त्याला आठवडाभर किंवा महिनाभर पुढे ढकलू शकते. म्हणून आधी रेल्वेमार्ग ठरवावा, मग त्या मार्गावरचा सामना निवडावा, आणि त्याच मार्गावरचे दुसरे मैदान नेहमी हाताशी ठेवावे. पुढील बहुतेक सूचना याच नियमातून निघाल्या आहेत.

स्तरांची उतरंड

प्रीमियर लीगमध्ये २० क्लब असतात आणि त्याखालच्या चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू या विभागांत प्रत्येकी २४. असे वरच्या चार स्तरांत मिळून ९२ क्लब होतात. पाचव्या स्तरावर नॅशनल लीग आहे आणि तेथून खाली जे काही आहे त्या सगळ्याला नॉन-लीग म्हणतात. त्यातला प्रत्येक क्लब कोणत्या ना कोणत्या लीगमध्ये खेळत असतोच; १८८८ मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल लीगच्या बाहेरचे ते नॉन-लीग, असा या नावाचा जुना अर्थ आहे. सहाव्या स्तरावर नॅशनल लीगचेच उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग आहेत, सातव्या-आठव्या स्तरांवर इस्थमियन, सदर्न आणि नॉर्दर्न प्रीमियर या लीग आहेत, आणि त्याखाली प्रादेशिक लीग सुरू होतात. १८८९ पासून ईशान्य भागात चालत आलेली नॉर्दर्न लीग त्यांपैकीच एक आहे. येथे एक घोटाळा टाळावा. नॉन-लीगची मंडळी ‘स्टेप’ हा शब्द वापरतात आणि ती मोजणी नॅशनल लीगपासून सुरू होते, त्यामुळे ‘स्टेप ५’ म्हणजे एकूण उतरंडीतला नववा स्तर होय.

सुरुवात सातव्या किंवा आठव्या स्तरापासून करावी, असे माझे मत आहे. लीग टूमध्ये तिकीट, आसन, प्रवेशद्वार हे सगळे मोठ्या क्लबांच्या शिरस्त्याप्रमाणे चालते, तर दहाव्या स्तरावर पन्नास-साठ प्रेक्षकांत नवख्या माणसाला अवघडल्यासारखे होते. मधल्या स्तरांवर काही शे लोक असतात, छोटे छत असते, फ्लडलाइट असतात, क्लबहाउस असते, आणि क्लब बहुधा रेल्वे स्थानक असलेल्या गावातला असतो. खर्चही बेताचा असतो. लीग वन आणि लीग टूमध्ये प्रौढांना साधारण २० ते ३० पौंड पडतात, तर नवव्या-दहाव्या स्तरांवर बहुतेक ठिकाणी १० पौंडांच्या आत प्रवेश मिळतो.

गणती

छंदाला लक्ष्य हवे असेल तर ‘९२’ हे सर्वांत प्रसिद्ध लक्ष्य आहे. वरच्या चार स्तरांतील सर्व क्लबांच्या मैदानांवर सामना पाहिलेल्यांसाठी १९७८ मध्ये ‘नाइन्टी-टू क्लब’ नावाची संघटनाच स्थापन झाली. त्यातली मेख अशी की दरवर्षी लीग टूमधून दोन क्लब खाली जातात आणि नॅशनल लीगमधून दोन वर येतात. शिवाय एखादा क्लब जुने मैदान सोडून नवे बांधतो, तेव्हा पूर्ण झालेली यादी पुन्हा अपुरी होते. मला या यादीपेक्षा एका काउंटीतली किंवा एका लीगमधली सगळी मैदाने पाहण्याचे लक्ष्य अधिक आवडते, कारण अंतरे कमी राहतात आणि क्लबांमधली जुनी खुन्नस हळूहळू समजू लागते.

कोणती भेट मोजावी यावर जाणत्यांत एकमत नाही. काही जण गोलशून्य बरोबरी मोजत नाहीत, काहींना छापील कार्यक्रमपत्रिका हातात आल्याखेरीज मैदान ‘झाले’ असे वाटत नाही, तर काही जण सराव सामनेही मोजतात. माझा नियम साधा आहे : स्पर्धात्मक सामना असावा, आपण सुरुवातीच्या शिट्टीआधी आत असावे आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबावे. नियम कोणताही असो, तो पहिल्या सामन्याआधी वहीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढे सोयीने बदलता येत नाही. नोंदींसाठी फुटबॉलॉजी नावाचे अ‍ॅप अनेक जण वापरतात. वही मात्र पावसात भिजली तरी मनाजोगती वाटते.

वेळापत्रकावर किती विश्वास ठेवावा

लीग वन आणि लीग टूचे वेळापत्रक जूनच्या अखेरीस आणि नॉन-लीगचे जुलैमध्ये जाहीर होते. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला संपतो. शनिवारी दुपारी तीन ही जुनी वेळ खालच्या स्तरांवर अजून टिकून आहे आणि त्यामागे एका निर्बंधाचाही वाटा आहे : शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉल सामन्याचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. मोठ्या क्लबचा सामना घरबसल्या दिसू लागला तर लहान क्लबच्या फाटकाशी कोणी फिरकणार नाही, या भीतीतून १९६० च्या दशकात हा निर्बंध आला. लीग वन आणि लीग टूचे काही सामने मात्र २०२४-२५ पासूनच्या प्रक्षेपण करारामुळे शनिवारी १२:३० ला होऊ लागले आहेत, त्यामुळे तीन वाजता हे गृहीत न धरता वेळ तपासावी. आठवड्याच्या मधले सामने बहुधा मंगळवारी रात्री ७:४५ ला असतात. अगदी खालच्या स्तरांवर काही मैदानांना फ्लडलाइट नसतात, म्हणून तेथे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात सामना दीड-दोन वाजताच सुरू करावा लागतो.

तारखा बदलण्याची पहिली मोठी वेळ कपमुळे येते. एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना; तिच्या एफए कपच्या पात्रता फेऱ्या ऑगस्टमध्येच सुरू होतात, आणि क्लब त्यात टिकून राहिला की त्या शनिवारचा त्याचा साखळी सामना पुढे कधीतरी मंगळवारी रात्री खेळवला जातो. यात एफए ट्रॉफी ही नॉन-लीग क्लबांची स्पर्धा, त्याहून खालच्या स्तरांसाठीची एफए व्हाझ आणि काउंटीचे कप यांची भर पडते. म्हणून जुलैमधल्या वेळापत्रकाच्या भरवशावर ऑक्टोबरचे अपरिवर्तनीय रेल्वे तिकीट काढू नये. लीग वन आणि लीग टूमध्ये आणखी एक कारण संभवते : आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या आठवड्यात क्लबचे तीन किंवा अधिक खेळाडू आपापल्या देशांकडून बोलावले गेले तर तो क्लब सामना पुढे ढकलण्याची मागणी करू शकतो. नॉन-लीगसाठी मात्र असा मोकळा शनिवार पर्वणीचा असतो. मोठे क्लब विश्रांतीवर असताना चाहत्यांनी जवळच्या लहान मैदानाकडे वळावे, या हेतूने २०१० पासून नॉन-लीग डे पाळला जातो.

दुसरे कारण हवामानाचे, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ते सर्वांत जास्त छळते. मैदानात पाणी साचले किंवा जमीन गोठली, तर पंच सकाळी पाहणी करून सामना रद्द करतात. कधी कधी पाहणी दुपारी एक वाजेपर्यंत लांबते. ही बातमी सर्वांत आधी क्लबच्या एक्सवरील किंवा फेसबुकवरील खात्यावर येते, लीगच्या संकेतस्थळावर ती उशिरा पोहोचते. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मी सकाळी नऊला खाते पाहून निघालो, दोन गाड्या बदलल्या, वीस मिनिटे चाललो आणि फाटकाला सेलोटेपने चिकटवलेला कागद वाचून परतलो. सामना अकराला रद्द झाला होता आणि क्लबने तसे अकरालाच कळवलेही होते. दोष माझा होता. तेव्हापासून घरातून निघताना, पहिल्या गाडीत बसल्यावर आणि गाडी बदलण्याआधी, असे तीनदा पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. गाडी बदलण्याआधीची पाहणी सर्वांत मोलाची, कारण दुसऱ्या मैदानाकडे वळणे तेथूनच शक्य असते.

हिवाळ्यात कृत्रिम गवताची मैदाने, ज्यांना थ्रीजी म्हणतात, ती कामी येतात. नॅशनल लीगपर्यंत अशी मैदाने चालतात, परंतु लीग टूपासून वर त्यांना परवानगी नाही. २०२१ मध्ये सटन युनायटेड बढती मिळवून लीग टूमध्ये गेला तेव्हा त्याला आपले कृत्रिम मैदान उखडून खरे गवत लावावे लागले होते. थ्रीजी मैदानावर पावसाने सामना रद्द होण्याची शक्यता फारच कमी असते. दक्षिण किनाऱ्याचा रेल्वेमार्ग या दृष्टीने नमुनेदार आहे. वर्दिंग, ब्राइटन, लुइस, ईस्टबोर्न, बेक्सहिल आणि हेस्टिंग्ज अशी गावे त्या मार्गाने जोडलेली आहेत, प्रत्येक गावात निदान एक नॉन-लीग क्लब आहे, आणि वर्दिंगचे वुडसाइड रोड मैदान थ्रीजी आहे. हेस्टिंग्जचा सामना मनात धरून निघालेला माणूस वाटेत बातमी कळताच लुइसला उतरू शकतो. आपल्या भागात असा एखादा मार्ग शोधून त्यावरचे क्लब, त्यांचे स्तर, मैदानावरचे गवत कोणत्या प्रकारचे आणि स्थानकापासूनचे अंतर यांचा एका कागदावर तक्ता करावा. पुढच्या तीन-चार हिवाळ्यांत तो कागद उपयोगी पडतो.

मैदानापर्यंत

क्लबच्या नावातल्या गावावर विसंबून तिकीट काढू नये. ग्रिम्सबी टाउनचे ब्लंडेल पार्क हे मैदान ग्रिम्सबीत नसून शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. पोर्ट व्हेल नावाचे गावच नाही. तो क्लब स्टोकमधल्या बर्स्लेममध्ये खेळतो. काही वेळा क्लब तात्पुरता दुसऱ्याच्या मैदानावर जातो. २०१३-१४ मध्ये लीग वनमधला कॉव्हेंट्री सिटी आपले ‘घरचे’ सामने नॉर्थॅम्प्टनला खेळत होता. म्हणून प्रत्येक वेळी क्लबच्या अधिकृत पानावरून मैदानाचा पोस्टकोड घ्यावा आणि नकाशात तोच टाकावा.

रेल्वेची अ‍ॅडव्हान्स तिकिटे साधारण बारा आठवडे आधी खुली होतात व स्वस्त असतात, पण ती ठरावीक गाडीचीच असतात आणि परत करता येत नाहीत. वर सांगितलेली अनिश्चितता पाहता ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून चालणारे, परतीचे तिकीट महाग वाटले तरी बहुधा तेच परवडते, आणि रेलकार्ड असेल तर त्यावर एक तृतीयांश सवलत मिळते. एकाच मार्गावरची दोन मैदाने गाठायची असतील तर तिकीट दूरच्या स्थानकाचे काढावे. ऑफ-पीक तिकिटावर सामान्यतः वाटेत उतरता येते, तरी त्या तिकिटाची अट एकदा वाचून घ्यावी. स्थानकापासून पुढे बसचा विचार करावा. इंग्लंडमध्ये सहभागी बससेवांवर २०२३ मध्ये एकेरी भाड्याला २ पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली आणि २०२५ पासून ती ३ पौंड झाली. रविवारी रेल्वेमार्गांवर दुरुस्तीची कामे निघतात आणि गाडीऐवजी बस दिली जाते. महिलांच्या खालच्या लीगचे सामने बहुधा रविवारी दुपारी आणि अनेकदा त्याच मैदानांवर असतात, त्यामुळे रविवारचा बेत करणाऱ्याने हे आधी पाहावे.

फाटकाच्या आत

मोठ्या मैदानावरून आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो मोकळेपणाचा. सातव्या स्तरापासून खाली दोन्ही संघांचे प्रेक्षक बहुधा एकत्रच असतात. मध्यंतर झाले की आपल्या संघाचा हल्ला आता ज्या गोलकडे होणार त्या टोकाकडे मंडळी चालत जातात, आणि वाटेत समोरून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना कोपरखळी मारत जातात. लीग वन आणि लीग टूमध्ये मात्र पाहुण्यांचा भाग वेगळा असतो. तटस्थ माणसाने यजमानांच्या बाजूचे तिकीट घ्यावे आणि पाहुण्या संघाच्या रंगाचा स्कार्फ गळ्यात घालू नये. या दोन विभागांत, आणि खालीही, उभे राहून सामना पाहण्याच्या पायऱ्या म्हणजे टेरेस टिकून आहेत. हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीच्या चौकशीतून आलेल्या १९९० च्या टेलर अहवालानंतर वरच्या दोन विभागांत सर्वांना आसने सक्तीची झाली, पण ती सक्ती खालपर्यंत आली नाही.

फाटकावर कार्ड चालते की नाही हे आधी कळत नाही, म्हणून खिशात पाच-दहा पौंडांच्या नोटा आणि थोडी नाणी ठेवावीत. कार्यक्रमपत्रिका हवी असेल तर आत शिरतानाच घ्यावी, कारण ती थोडीच छापतात आणि संपते. फुटबॉल लीगच्या क्लबांवरील पत्रिका छापण्याची सक्तीही २०१८ मध्ये उठली, तेव्हा काही ठिकाणी आता ती फक्त फोनवर मिळते. क्लबहाउसमध्ये ‘गोल्डन गोल’चे तिकीट विकायला कोणी तरी येईल. त्यावर छापलेल्या मिनिटाला पहिला गोल झाला तर बक्षीस मिळते. एक-दोन पौंडांची ही मदत नाकारू नये. अशा सोडती, कँटीन आणि फाटक यांवर लहान क्लबचा बराचसा खर्च भागतो, आणि फाटकावरची, कँटीनमधली माणसे बहुतेक स्वयंसेवक असतात.

मद्याबद्दलचा कायदा स्तरानुसार बदलतो. १९८५ च्या कायद्यामुळे वरच्या पाच स्तरांच्या सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी मद्य घेता येत नाही. त्याखाली हा निर्णय क्लबवर असतो आणि बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा पेला घेऊन कठड्याशी उभे राहता येते. खाण्याबाबत शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थंडीत सगळे ज्याचे घुटके घेत असतात ते बोव्हरिल गोमांसाच्या अर्काचे असते, आणि काही ठिकाणी, विशेषतः उत्तरेत, चिप्सही गोचरबीत तळलेले असतात. विचारले की ते सरळ सांगतात. नेल्सवर्थजवळच्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सच्या मैदानावर हा प्रश्नच येत नाही, तेथे सगळे अन्न व्हीगन आहे.

कपड्यांविषयी एवढेच की थंडी पायांतून चढते. दोन तास काँक्रीटवर उभे राहायचे असल्याने जाड तळव्याचे बूट आणि लोकरी मोजे हे जाड कोटापेक्षा महत्त्वाचे.

छायाचित्रे घ्यायला कोणी हरकत घेत नाही, पण मैदानाभोवती खेळणाऱ्या मुलांवर कॅमेरा रोखू नये. कठड्याला रेलून पाहत असताना चेंडू आपल्याकडे आला तर तो हाताने उचलून खेळाडूकडे द्यावा; कलात्मक लाथ मारण्याचा मोह अनेकांना होतो आणि चेंडू शेजारच्या परसात जातो.

काही मैदाने

कोठे जावे हे सांगायचे झाले तर शेफील्डपासून सुरुवात करावी. शहराच्या पश्चिमेकडील क्रॉसपूलमधले हॅलमचे सँडीगेट हे जगातले सर्वांत जुने फुटबॉल मैदान मानले जाते. २६ डिसेंबर १८६० रोजी येथे हॅलम आणि शेफील्ड यांच्यात सामना झाला. मैदानाला डोळ्यांना सहज दिसेल असा उतार आहे, आणि उताराच्या दिशेने खेळताना संघ वेगळाच भासतो. १८५७ मध्ये स्थापन झालेला शेफील्ड एफसी, म्हणजे जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब, या शतकाच्या सुरुवातीपासून शेजारच्या ड्रॉनफील्डमध्ये खेळत आला आहे. दोन्ही भेटी दोन शनिवारांत विभागाव्यात, एका दिवसात कोंबू नयेत.

डर्बीशायरमधल्या मॅटलॉक टाउनच्या मैदानावरून टेकडीवरच्या रायबर कॅसलचे भग्न दिसणारे बुरूज नजरेत येतात. लुइसचे ड्रिपिंग पॅन हे मैदान आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल, गवती बांधांच्या मधोमध आहे आणि स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर आहे. चाहत्यांच्या मालकीच्या या क्लबने २०१७ मध्ये महिला आणि पुरुष संघांवर समान खर्च करायला सुरुवात केली. सीमेवरचा बेरिक रेंजर्स हा इंग्लंडमधला क्लब स्कॉटलंडच्या लीगमध्ये खेळतो आणि १९६७ च्या स्कॉटिश कपमध्ये त्याने ग्लासगोच्या रेंजर्सला १-० असे हरवले होते. ज्याला सगळ्यांत टोकाचे ठिकाण हवे त्याने इंग्लंडच्या नैऋत्य टोकापलीकडच्या सिली बेटांचा विचार करावा. तेथील लीगमध्ये दोनच क्लब आहेत आणि ते हंगामभर एकमेकांशीच खेळतात. हिवाळ्यात मुख्य भूमीवरून प्रवासी बोट चालत नाही, विमान धुक्यामुळे अडकते, आणि या एका ठिकाणी दुसरे मैदान हाताशी ठेवण्याचा माझा नियम निरुपयोगी ठरतो.

अनेक लीग वसंत ऋतूत ग्राउंडहॉपचे खास शनिवार-रविवार आयोजित करतात. सामन्यांच्या वेळा मुद्दाम पुढेमागे ठेवलेल्या असतात, त्यामुळे एका दिवसात तीन-चार मैदाने होतात. हंगामाच्या शेवटी, मे महिन्यात, लंडनच्या वेंब्ली मैदानावर एफए ट्रॉफी आणि एफए व्हाझ यांचे अंतिम सामने २०१६ पासून एकाच दिवशी होतात, आणि एकाच तिकिटावर दोन्ही पाहता येतात.

परतीची गाडी

मंगळवारचा सामना ७:४५ ला सुरू झाला तर तो साधारण ९:४० ला संपतो. लहान गावांतून शेवटची गाडी दहाच्या आसपास असू शकते, आणि ती चुकली तर रात्री टॅक्सीला दिवसभराच्या खर्चाहून जास्त पैसे पडतात. म्हणून निघण्यापूर्वी शेवटच्या गाडीची वेळ नव्हे, तर शेवटून दुसऱ्या गाडीची वेळ कागदावर लिहावी आणि मैदानात शिरताना स्थानकाकडे परतायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे. कपचा सामना असेल तर बरोबरीनंतर पेनल्टी होतील का हे त्या स्पर्धेच्या नियमांत पाहून ठेवावे, आणि होणार असतील तर स्थानकाकडच्या फाटकाजवळ उभे राहावे.